पीव्हीसी पाइपची बासरी सुरात का येत नाही, आणि तिला रीड लावली की आवाज सप्तकभर खाली का जातो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २० मिमी बाहेरील आणि १६ मिमी आतील व्यासाच्या पीव्हीसी पाइपची सहा भोकांची आडवी बासरी करायची होती. सहाही बोटं बंद असताना हार्मोनियमची पांढरी ५, म्हणजे ३९२ हर्ट्झ, वाजावी म्हणून सूत्राने लांबी काढून पाइप ४४३ मिमी कापला. वाजला मात्र पांढरी ४ आणि काळी ३ यांच्या मधेच कुठेतरी. खालचा स्वर फुटतो, वरचं सप्तक उतरतं, आणि त्याच पाइपला क्लॅरिनेटचं माउथपीस (रीड, म्हणजे फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी, बांधलेला तोंडाचा भाग) लावल्यावर आवाज एकदम सप्तकभर खाली गेला. चारही गोष्टींची कारणं ठरलेली आहेत आणि त्यातली एकही पाइपच्या दर्जाशी संबंधित नाही. प्लॅस्टिकचा पाइप बांबूपेक्षा वाईट वाजतो हा समज सोडून द्या. आवाज ठरतो तो फुंकेच्या भोकाची धार, आतल्या पोकळीचा आकार आणि फुंकेकडचं टोक बंद करणाऱ्या बुचाची जागा यांवर.

आधी लांबी. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीची लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले वारंवारतेची दुप्पट. २७ अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७.७ मीटर असतो, म्हणून ३९२ हर्ट्झसाठी ४४३.५ मिमी येतात. गणित बरोबर आहे, पण ही लांबी हवेच्या खांबाची आहे, पाइपची नव्हे. कंप पावणारी हवा खालच्या टोकाच्या थोडी बाहेरपर्यंत जाते, साधारण आतील व्यासाच्या ०.३ पट, इथे ५ मिमी. वरच्या बाजूला फुंकेचं भोक नळीपेक्षा बरंच लहान आहे, शिवाय ओठाने ते अर्धवट झाकलेलं असतं. त्यामुळे तिथे नळी असल्यापेक्षा ३५ ते ४५ मिमी लांब असल्यासारखी वागते. दोन्ही वजा केलं की फुंकेच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या टोकापर्यंत ४०० मिमीच्या आसपास राहतात. तुमची नळी हवेच्या हिशेबाने ४८६ मिमी झाली आणि सूर दीड अर्धस्वराने उतरला.

वरचा ३५ ते ४५ हा आकडा भोकाच्या मापावर, पाइपच्या जाडीवर आणि वाजवणाऱ्याच्या ओठांवर अवलंबून असतो. तो कागदावर नक्की काढता येत नाही, वाजवूनच कळतो. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी वरचं टोक पूर्ण करा, मग लांबी कापत सुरात आणा, आणि बोटांची भोकं सगळ्यात शेवटी.

पाइप निवडताना तोंडाला लागणारी वस्तू आहे हे लक्षात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठीचा म्हणून छापलेला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप घ्या. वायरिंगचा किंवा सांडपाण्याचा नको. काही पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगं मिसळलेली असतात. कुठून तरी काढलेला जुना पाइप तर नकोच. पाइपवर छापलेलं माप बाहेरचं किंवा नुसतं नावाचं असतं, आतला व्यास व्हर्नियरने स्वतः मोजा. आतला व्यास १ मिमीने बदलला तरी पुढची भोकांची मापं सरकतात.

आता फुंकेचं भोक, आणि इथे घाई करू नका, कारण निम्मी बासरी इथेच आहे. एका टोकापासून ४५ मिमीवर मध्य धरून नळीच्या लांबीच्या दिशेने १२ मिमी आणि आडवं १० मिमी असं लंबगोल भोक हवं. पण त्याआधी तिथली जाडी वाढवा. पाइपची २ मिमी जाडी फुंकेसाठी फार पातळ आहे. धातूच्या बासरीत हे भोक सुमारे ५ मिमी खोल असतं, आणि त्या खोलीमुळेच स्वराला भरीवपणा येतो. त्याच पाइपचा ४० मिमीचा तुकडा कापा, लांबीच्या दिशेने एक चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा आणि मऊ झाला की पाइपवर चढवून सुतळीने गच्च आवळा. थंड झाला की तो त्याच आकारात राहतो. मग काढून आतल्या बाजूला पाइपचं सोल्युशन लावून पक्का चिकटवा, चीर भोकाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवून. सीपीव्हीसी उकळत्या पाण्यात मऊ होत नाही, त्याला हॉट एअर गन लागते. सोल्युशन लावलेली वस्तू पूर्ण एक दिवस वाळल्याशिवाय तोंडाला लावू नका.

भोक पाडायला साधं ड्रिल वापरलं तर ते पीव्हीसीला चावतं आणि कडा उचकटते. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं) असेल तर उत्तम. नसेल तर आधी ३ मिमीचं भोक, मग ६, मग ८, आणि उरलेलं गोल कानसेने. आत बसेल असा लाकडी दांडा घालून ठेवला तर आतली कड फुटत नाही. बांबूला तापवलेल्या सळईने भोकं पाडतात तशी इथे अजिबात पाडू नका: जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, डोळे आणि घसा दोन्ही झोंबतात. घासताना मास्क लावा.

भोकाची ओठापासून लांबची कड ही खरी कामाची कड. हवेचा झोत तिच्यावर आदळून आत-बाहेर झुलतो, त्यातून स्वर निघतो. ती वरून धारदार हवी, गोलावलेली नको. भोकाची ही भिंत आत जाताना किंचित पसरत जावी, साधारण ७ अंश, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच. ओठाकडची कड मात्र पॉलिश पेपरने मऊ करा. मग भोक उजेडासमोर धरून आतून बघा. कानशीमुळे आतल्या काठाला केसासारखा किस लोंबत राहतो. तो एवढासा असला तरी झोत फाटतो, स्वरासोबत सतत फसफस येते, आणि माणूस आपल्या फुंकेलाच दोष देत बसतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आतून फिरवला की तो निघतो.

बूच बसवायचं ते भोकाच्या मध्यापासून आतील व्यासाएवढ्या अंतरावर, म्हणजे १६ मिमी. बाटलीचं कॉर्क तासून घ्या. हवाबंद बसलं पाहिजे, पण दांड्याने ढकलल्यावर सरकलंही पाहिजे. त्याला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे आणि थोडं मेण पुरतं. चिकटवू नका, कारण ते हलवावं लागणार आहे.

एवढं झालं की पाइप भोकाच्या मध्यापासून ४२० मिमीवर कापा आणि बोटांची भोकं न पाडता वाजवून बघा. साध्या नळीतून खालचा स्वर भरीव यायला हवा आणि फुंक थोडी वाढवली की त्याचं वरचं सप्तक सहज निघायला हवं. हे होत नसेल तर पुढे जाऊ नका, परत कडेकडे जा. सहा भोकं पाडून वाईट सुरुवात सुधारत नाही.

वरचं सप्तक उतरण्याचं दुखणं याच टप्प्यावर दुरुस्त होतं. सरळ नळीच्या बासरीचा हा स्वभावच आहे: वरचा स्वर खालच्याच्या बरोबर दुप्पट येण्याऐवजी थोडा कमी पडतो. थिओबाल्ड ब्योमने १८४७ मध्ये आजच्या पाश्चात्त्य बासरीची रचना केली, तेव्हा अंग सरळ ठेवलं पण डोक्याचा भाग बुचाकडे निमुळता केला, तो याचसाठी. आपल्याला दोन उपाय आहेत. पहिला बुचाचा: ते भोकाकडे सरकवलं, १६ चे १४ किंवा १३ मिमी केले, की वरचे स्वर खालच्यांच्या मानाने चढतात. उलट दूर नेलं की वरचे आणखी उतरतात. फार जवळ आणलं तर खालचे स्वर अशक्त होतात, म्हणून १२ च्या आत जाऊ नका.

बुचाने भागलं नाही तर पाचर घाला. फुंकेच्या भोकासमोरच्या भिंतीवर, बुचाशी ३ मिमी जाड आणि खाली १०० मिमीपर्यंत शून्यावर येणारी निमुळती पट्टी. प्लॅस्टिकची पट्टी कानशीने उतरती करून आधी दुहेरी चिकटपट्टीने लावून बघा, जमली की इपॉक्सीने पक्की करा. फुंकेजवळ नळी अरुंद झाली की खालचा स्वर किंचित उतरतो, वरचा जवळजवळ तिथेच राहतो, आणि मग पाइप थोडा कापला की दोन्ही जागेवर येतात. म्हणूनच पाचर लांबी कापण्याआधी. माझ्या मते १६ मिमी आणि त्याहून मोठ्या आतील व्यासाच्या नळीला ही पाचर करावीच. अर्ध्या तासाचं काम आहे आणि बासरीचा दर्जा बदलतो.

मग लांबी. पाच मिनिटं वाजवून नळी गरम होऊ द्या, ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) समोर ठेवा आणि २-३ मिमीने कापत या. इथे १ मिमी म्हणजे साधारण ४ सेंट (१०० सेंटचा एक अर्धस्वर). ओठ फिरवून सूर ओढू नका, रोज वाजवाल तशीच सहज फुंक ठेवा. हवा १ अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो, त्यामुळे थंड सकाळी सुरात आणलेली बासरी दुपारी ३० सेंट चढलेली दिसली तर कानस उचलू नका. सोय हवी असेल तर फुंकेचा भाग वेगळा ठेवून कपलरने जोडा. मग ५ मिमीपर्यंत बाहेर ओढून सूर उतरवता येतो.

आता बोटांची भोकं. मापं खालच्या टोकापासून घ्या, फुंकेच्या भोकापासून नाही. कारण सोपं आहे: माणसागणिक जो फरक पडतो तो सगळा वरच्या टोकाला आहे. तुमची अंतिम लांबी ३९४ आली काय किंवा ४०६ आली काय, खालून मोजलेली भोकं जागच्या जागी राहतात. १६ मिमी आतील व्यास, २ मिमी जाडी आणि ३९२ हर्ट्झसाठी, टोकापासून भोकाच्या मध्यापर्यंत: पहिलं ६५ मिमीवर, व्यास ८, दुसरं १०५ वर, ९, तिसरं १२९ वर, ६, चौथं १६२ वर, ८, पाचवं १९४ वर, ८, सहावं २२५ वर, ७. सगळी बंद असताना मंद्र प. खालून एकेक बोट उचललं की ध, नी, सा, रे, ग आणि सगळी उघडी असताना तीव्र म. म्हणजे वरची तीन बोटं बंद की सा, आणि तो येतो पांढरी १ ला. शुद्ध म सगळ्यात वरचं भोक अर्धं झाकून.

तिसरं भोक लहान का, असा प्रश्न पडेल. नी ते सा अंतर अर्धस्वराचं आहे. ते भोक मोठं केलं तर त्याला दुसऱ्याच्या अगदी जवळ आणावं लागतं आणि बोटं एकमेकांवर चढतात. लहान भोक वर सरकतं, मोठं भोक खाली. स्वर तोच ठेवून जागा बदलायची ही युक्ती आहे. सगळी भोकं एकाच ड्रिलने पाडणाऱ्यांचा सा म्हणूनच चढा लागतो.

सरळ रेघ मारायला पाइप लोखंडी अँगलच्या खोबणीत ठेवा आणि अँगलच्या कडेने पेन्सिल ओढा. पहिलं भोक करंगळीशेजारच्या बोटासाठी रेघेपासून १५ अंश फिरवलं तर हात आखडत नाही. नुसतं फिरवण्याने सूर बदलत नाही. प्रत्येक भोक आधी मापापेक्षा २ मिमी लहान पाडा, मग खालून वर, एकेक, कानशीने मोठं करत सुरात आणा. खालचं भोक मोठं केलं की त्याच्या वरचा स्वरही थोडा चढतो. वरून सुरुवात केली तर आधीचं काम पुन्हा बिघडतं. पहिल्या फेरीत प्रत्येक स्वर १० सेंट उतरलेलाच सोडा. वरची भोकं पाडल्यावर, ती बोटाने बंद असली तरी, त्यांच्या जाडीतल्या पोकळीमुळे खालचे स्वर आणखी किंचित उतरतात, आणि दुसऱ्या फेरीत सगळे एकत्र वर आणता येतात.

तानपुऱ्यावर वाजवणार असाल तर ट्यूनरचा काटा सगळीकडे शून्यावर आणू नका. सा शून्यावर ठेवून शुद्ध ग १४ सेंट आणि शुद्ध नी १२ सेंट खाली सोडा, प २ सेंट वर. हार्मोनियमबरोबर वाजवायची असेल तर शून्यावरच बरं. हे आधी ठरवा, कारण मोठं झालेलं भोक लहान करणं कटकटीचं आहे. झालंच मोठं, तर भोकाच्या खालच्या टोकाकडच्या नव्हे, फुंकेकडच्या कडेला इपॉक्सीचा पातळ थर द्या. वाळल्यावर पुन्हा कानसा. तात्पुरतं मेण चालतं.

सहाही बोटं बंद केल्यावर स्वर फुटण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा गळती असते. खालचं टोक तळव्याने आणि सगळी भोकं बोटांनी बंद करून फुंकेच्या भोकातून हवा आत ओढा. जीभ चिकटून राहिली तर नळी बंद आहे. हळूहळू सुटली तर कुठेतरी गळतंय. आधी बूच बघा, मग भोकांच्या कडा. कानशीने सपाट झालेल्या कडेवर बोटाचं पेर नीट बसत नाही, पॉलिश पेपरने ती किंचित गोल करा. गळती नसेल आणि तरीही फुटत असेल तर फुंकेचं भोक फार मोठं झालंय. डोक्याचा भाग नवा करणं हाच खरा उपाय.

रीडचं कोडं वेगळं आहे. रीड लावली की ते टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद होतं. एका बाजूने बंद नळीत लांबीच्या चौपट तरंग बसतो, दोन्हीकडून उघड्या नळीत दुप्पट. म्हणून तोच पाइप सप्तकभर खाली वाजतो. तुम्ही काही चुकवलेलं नाही. खरं तर तुमच्याकडे आता दुसरं वाद्य आहे. माउथपीस जोडून सगळी भोकं बंद असताना १९६ हर्ट्झ येईपर्यंत पाइप वरच्या टोकाकडून कापा, म्हणजे खालून मोजलेली तीच सहा भोकं तसाच स्वरक्रम देतात, सप्तकभर खाली. जास्तीचं एक भोक मागच्या बाजूला अंगठ्यासाठी पाडा: टोकापासून २३८ मिमीवर, ५ मिमीचं. त्याने वरचा प मिळतो. यापुढे फुंकून वरचं सप्तक काढायचा प्रयत्न फसतो, कारण बंद नळीत दुसऱ्याऐवजी तिसरा स्वरांश (मूळ वारंवारतेच्या दुपटीऐवजी तिप्पट) येतो आणि बोटांची तीच जागा सप्तकाऐवजी सप्तक अधिक पंचमावर उडी मारते. क्लॅरिनेटवर इतक्या चाव्या असतात त्या हीच दरी भरायला. आठ-नऊ स्वरांत समाधान मानलं तर वाद्य फार गोड आहे.

जोड देताना पाइप आणि माउथपीस तोंडाला तोंड टेकवून वरून जाड रबरी नळी घट्ट चढवा. मधे पोकळी राहिली की चिरका आवाज येतो. माउथपीस घरी करायचं तर पाइपचं टोक ३० मिमी लांबीचा तिरका छेद देऊन कापा आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर सपाट घासा. शेवटच्या १८ मिमीत तो छेद हळूहळू मागे वळवा, म्हणजे रीड बांधल्यावर टोकाशी १ मिमी फट राहील. फट कमी असेल तर रीड फुंकेसरशी बंद पडते, जास्त असेल तर गाल दुखतात आणि नुसती हवा जाते. रीड विकतची क्लॅरिनेटची घ्या. प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाची पट्टीही वाजते, पण तिचं टोक कागदाइतकं पातळ करावं लागतं.

ओठांनी आडवी फुंक जमतच नसेल तर त्याच नळीला शिट्टीचं तोंड करता येतं. बुचाच्या वरच्या बाजूने १ मिमी उंच आणि ९ मिमी रुंद सपाट वाट तासा, तिच्यासमोर नळीत खिडकी कापा आणि खिडकीची पलीकडची कड पाचरीसारखी धारदार करा. वाटेचं तोंड ते धार हे अंतर ४ मिमीपासून सुरू करा. अंतर कमी असेल तर थोड्या फुंकेनेही स्वर वरच्या सप्तकात उडतो. कानशीने अर्धा-अर्धा मिमी वाढवत गेलं की तो खाली स्थिरावतो. फार वाढलं तर आवाज दबका होतो आणि दम लागतो. धार वाटेच्या उंचीच्या मध्यापेक्षा किंचित खाली यायला हवी. वाटेत डोळा लावून बघितलं की धारेची रेघ दिसते. ती वाटेच्या तळाशी गेली असेल तर बूच काढून त्याची सपाट बाजू आणखी थोडी तासा, वर राहिली असेल तर बुचाखाली कागदाची एक घडी सरकवा आणि पुन्हा फुंकून बघा.